थंड साडूंची गरम काख

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ उष्णतेत आहे, या गोष्टीवर आमच्या साडूंइतका अढळ विश्वास असलेला दुसरा माणूस निदान परतूर तालुक्यात तरी जन्माला आलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार आष्टीचे, धंदा शेतीचा आणि थोड्या मेंढरांचा, आणि ध्यास थंडाव्याचा. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. कुणाच्या पोराला गणितात कमी मार्क पडले की दाजी म्हणणार, "उष्णता हाय." वाटूर फाट्यावर जीप पंक्चर झाली, तर "टायरला उष्णता." आपली टीम क्रिकेटमध्ये हरली, तर "अंडी खाऊन राह्यलेत पोट्टे, दुसरं काय?" माझं परतूरला बी-बियाण्याचं दुकान आहे. एकदा कपाशी नीट उगवली नाही म्हणून एक शेतकरी तावातावानं माझ्या अंगावर धावून आला. दाजी तिथंच स्टुलावर बसले होते. त्यांनी बियाण्याची बाजू घेतली नाही, शेतकऱ्याची घेतली नाही, आणि माझी तर मुळीच घेतली नाही. शांतपणे उठले, आपल्या डोक्यावरचा ओला पंचा काढून त्या माणसाच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "बसा पाव्हणे. आधी डोकं उतरू द्या, मंग भांडा." तो माणूस इतका चक्रावला की खरोखरच बसला.

हा ओला पंचा बारा महिने दाजींच्या डोक्यावर असतो. खिशात कांदा असतो आणि हातात बर्फाच्या पाण्याची स्टीलची बाटली. मे महिन्यात आमच्याकडे कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तेव्हा हे सगळं समजण्यासारखं आहे. पण दाजी पौषातल्या थंडीतही असेच हिंडतात. घरी पडवीत ओळीनं माठ मांडलेत आणि त्या माठांत ज्येष्ठता आहे. आजचं पाणी, कालचं पाणी आणि परवाचं पाणी. ज्याचा मान मोठा त्याला जुनं पाणी. मी पडलो बायकोकडचा पाहुणा, त्यामुळे मला कायम परवाचं मिळतं आणि माझा घसा कायम बसतो. घरात फ्रीज आला तेव्हा आक्काला, म्हणजे माझ्या मेहुणीला, वाटलं की आता दूध टिकेल, भाजी टिकेल. कसलं काय! दूध आणि दही बिचारी एका कोपऱ्यात अंग चोरून उभी असतात. बाकी सगळ्या कप्प्यांत दाजींचे बनियन, दाजींचा चष्मा, दाजींच्या चपला आणि दाजींचा मोबाइल. "मोबाइल तापला की कान तापतो, कान तापला की डोकं," हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे त्यांना फोन लावला की तो भाजीच्या कप्प्यात वाजतो, आक्का धावत येऊन उचलते आणि सांगते, "हे शेतात गेलेत. फोन मेथीपाशी हाय."

बरं, खाणंपिणं तरी माणसासारखं असावं! दाजी चहा बशीत ओततात, ती बशी पाण्याच्या परातीत ठेवतात आणि चहावर साय धरली की मग पितात. तव्यावरची भाकरी थेट ताटात आलेली त्यांना चालत नाही. आक्का म्हणते, "लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडी ऊन-ऊन घास गेला न्हाई. माझ्या हाताची चव ह्यांना म्हाइतीच न्हाई." राजूरच्या गणपतीला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. नवऱ्या मुलाचा मामा मानपानावरून रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला. वडीलधाऱ्यांनी समजूत घातली, बायकांनी हात जोडले, मामा काही हलेना. मुहूर्त टळायची वेळ आली. दाजी मागून गेले आणि त्यांनी भरलेला तांब्या मामाच्या टाळूवर ओतला. एक क्षण मांडवात अशी शांतता पसरली की वाटलं, आता लाठ्याकाठ्या निघणार. मामा थरथरत उठला, कोरडे कपडे मागायला म्हणून मांडवात आला, आणि बायकांनी त्याला तिथंच अक्षता देऊन उभा केला. दाजींना विचारलं तर म्हणाले, "बोलून गार व्हईना, म्हणून पाण्यानं केला."

स्वतःच्या अंगाविषयी तर त्यांचा अभिमान काही विचारू नका. "माझं अंग जन्मापासून थंड हाय, पाव्हणे. ताप मला शिवत न्हाई. थर्मामीटर लावला तर पारा खाली पळंल." लावून मात्र त्यांनी कधी कुणाला दिला नाही. सिद्ध पुरुषाची परीक्षा घ्यायची नसते, असं काहीतरी त्यांचं म्हणणं असे.

आता अशा माणसाच्या बायकोला कुठला आजार व्हावा? देवाला कधीकधी चेष्टा सुचते ती अशी. थंडी पडली की आक्काच्या पायांची बोटं जांभळी व्हायला लागली. पोटऱ्यांवर लालभडक ठिपके उठायचे, गुडघे आखडायचे. उन्हाळा आला की बरंच कमी, दिवाळी उलटली की पुन्हा सुरू. दाजींनी बघताक्षणी निदान केलं. "उष्णता बाहेर पडून राह्यली. पडू द्या. बिलकुल अडवायची न्हाई." आणि उपचार सुरू केले. सकाळी पाय माठातल्या पाण्यात, तेही परवाच्या. दुपारी काळ्या मातीचा लेप. रात्री तळपायाला चंदन. गुलकंद, सब्जा, धन्याचं पाणी हे तर सांगायलाच नको. दाजी स्वतः पाटावर बसून, घमेल्यात आक्काचे पाय धरून, तांब्या तांब्या गार पाणी घालायचे. त्यांच्यासारख्या पुरुषमाणसानं बायकोचे पाय धुवावेत हे गावात कुणाच्या पचनी पडत नव्हतं. दाजींनी कुणाची पर्वा केली नाही. माया खरी होती हो. फक्त तिची दिशा चुकली होती. आक्का दातावर दात वाजवत बसायची आणि म्हणायची, "बरं वाटून राह्यलं." कारण तसं म्हटल्याशिवाय ते थांबायचे नाहीत.

घोट्याजवळ जखम झाली आणि ती भरेना, तेव्हा माझी बायको आष्टीला गेली, दाजींशी कडाकडा भांडली आणि आक्काला परतूरला घेऊन आली. पाठोपाठ दाजी आलेच. जालन्याहून आठवड्यातून एकदा एक मोठे डॉक्टर परतूरला येतात. त्यांनी पाय बघितले, विचारलं, "थंडीत वाढतं?" आक्का हो म्हणाली. डॉक्टर जरा गंभीर झाले. म्हणाले, "रक्तात रोगाशी लढणारी प्रथिनं असतात, त्यांना अँटिबॉडी म्हणतात. एखाद्याच्या रक्तात ती एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात आणि बारीक नसांत अडकतात. तसं आहे का ते तपासायचं. असेल तर औषध आहे. पण उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातं, मग माझ्या हातात फार राहत नाही." ते ऐकून माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. दाजींनी पंचा सारखा केला आणि म्हणाले, "करा तपासणी. उष्णताच निघंल."

खालच्याच मजल्यावर लॅब आहे. ती चालवणाऱ्या मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी आक्काचं रक्त काचेच्या नळीत घेतलं, ती नळी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवली, वर झाकण लावलं आणि म्हणाल्या, "साकळेपर्यंत असंच राहू द्यायचं. कुणी हात लावू नका." मी, बायको आणि आक्का समोर चहाला गेलो. दाजी म्हणाले, "मी हाय इथं राखणीला." आम्ही बिनघोर. दाजी राखणीला बसले की मेंढरू हलत नाही, नळी कुठे जाणार?

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. काही सापडलं नाही! आम्हाला हायसं वाटलं. दाजींनी तर भर थंडीत अख्ख्या लॅबला कुल्फी खाऊ घातली. स्वेटर घातलेल्या मॅडम हातात कुल्फी धरून तिच्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर तेवढे पुटपुटले, "नवल आहे," आणि जखमेला मलम लिहून दिलं. दाजी आष्टीला परतले ते दिग्विजय करून आल्यासारखे. तपासणीत काही नाही, म्हणजे उष्णताच! माठांची संख्या वाढली. घमेलं मोठं आलं. आणि आक्काची दुसऱ्या पायावरही जखम झाली, सकाळी तोंड सुजायला लागलं. जिना चढताना ती दर पायरीला थांबायला लागली.

पुन्हा परतूर, पुन्हा डॉक्टर. ते खुर्चीवर मागे टेकून म्हणाले, "माझा संशय जात नाही. हे कसं असतं सांगू का? खोबरेल तेलासारखं. थंडीत बाटलीत गोठतं, उन्हात ठेवलं की पातळ होतं. यांच्या रक्तातले ते गठ्ठे गारठ्यानं गोठतात. म्हणून सँपल सुरुवातीला गरम ठेवावं लागतं. गार पडलं तर जे शोधायचं तेच रक्ताच्या गोळ्याबरोबर तळाला जातं आणि आपण वरचं पाणी तपासत बसतो." मग मॅडमना बोलावून विचारलं, "मागच्या वेळी गरमच होतं ना?"

"होतं सर. थर्मासमध्ये होतं."

"थर्मासमधे कुठं?" दाजी मोठ्या कौतुकानं म्हणाले. "मी हात लावून बघितलं, तं पाणी कोमट! म्हटलं, बाईचं रक्त कोमट पाण्यात ठेवून राह्यले, नासंल की! नळी काढली आन् माझ्या बर्फाच्या बाटलीत ठेवली. मॅडम यायच्या टायमाला परत बराबर जागच्या जागी. कुणाला वाईट वाटाया नको म्हणून बोललो न्हाई."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. माझ्या बायकोच्या तोंडून काय बाहेर पडणार या भीतीनं मी दाराकडे सरकलो. आणि तेवढ्यात आक्का म्हणाली, "अहो, मी काय दूध हाय का नासायला?" आणि हसायलाच लागली. सुजलेल्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता ते पाणी कशाचं आहे हे कळेनासं झालं. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला, पिळला, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी उष्णतेचं नाव काढलं नाही.

तपासणी पुन्हा करायची ठरली. मॅडमनी दाजींना थर्मासपासून लांब, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. पण पश्चात्तापानं पेटलेला माणूस स्वस्थ बसतो होय? मॅडम आतल्या खोलीत रक्त घेत होत्या तेवढ्यात दाजींनी विचार केला, गरम पाहिजे ना, मग चांगलं गरम असू द्या. लॅबच्या कोपऱ्यातल्या शेगडीवरचं खळखळ उकळतं पाणी त्यांनी भस्सकन थर्मासमध्ये ओतलं. आतली काच फटकन फुटली. मॅडम बाहेर आल्या त्या आक्काच्या रक्ताची नळी मुठीत धरून, आणि समोर थर्मासमधून वाफ नि काचा. मला वाटलं, आता दाजींचंच रक्त तपासावं लागणार.

"काका!" मॅडम म्हणाल्या. एवढंच. मग जरा दम घेऊन, "आता काय करू मी? सदतीस डिग्री पाहिजे. माणसाच्या अंगाइतकं."

"मंग द्या की काखेत," दाजी एकदम बोलले आणि तसेच गप्प झाले. चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "पर माझ्या काखेत न्हाई चालायचं. माझं अंग थंड हाय."

मॅडमनी मुकाट्यानं थर्मामीटर काढला आणि सिद्ध पुरुषाच्या तोंडात घातला. आम्ही सगळे बघत राहिलो. काढून बघितला आणि म्हणाल्या, "सदतीसला जरासा कमी. अगदी नॉर्मल."

"म्हंजे मी गरमच हाय?"

"सगळेच असतात, काका."

दाजींच्या आयुष्यभराच्या पुण्याईचा असा दोन शब्दांत निकाल लागला. पण शोक करायला वेळ नव्हता. त्यांनी शर्टाची बटणं काढली, खिशातला कांदा माझ्या हातात दिला, नळी काखेत घेतली आणि दंड अंगाशी असा दाबला की जणू आता जप्तीचा हुकूम आला तरी सोडणार नाहीत. माझा स्वेटर मागून घेतला. वर आक्काची शाल. तिच्यावर त्यांना आष्टीहून घेऊन आलेल्या जीपवाल्याची घोंगडी. नाकावर माशी बसली, हाकलली नाही. ओळखीचे एक मास्तर तपासणीला आले आणि "राम राम" म्हणाले, तर दाजींनी नुसत्या भुवया उचलल्या. मग मला जवळ बोलावून कुजबुजले, "पाव्हणे, चहा सांगा. ऊन-ऊन. अंग गार पडाया नको." चहा आला, वाफाळता. बशी न मागता दाजींनी पहिला घोट घेतला, जीभ भाजली, डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पूर्ण कप संपवला. आक्का समोरच्या बाकावर बसून डोळे फाडून बघत होती. ती माझ्या बायकोच्या कानात म्हणाली, "माझ्या हातचा ऊन चहा न्हाई पेला कधी. लॅबात पेले."

रक्त साकळलं. मॅडमनी गरम केलेल्या मशिनात नळी फिरवली, वरचं पिवळसर पाणी दुसऱ्या नळीत काढलं आणि म्हणाल्या, "आता ही फ्रीजमध्ये."

"आँ? फ्रीजमधे?" घोंगडीतून दाजींची मान वर आली. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत जुनं तेज चमकलं. "बघा पाव्हणे! शेवटी थंडच लागलं का न्हाई?" पण मॅडमनी समजावलं, की आता ते गार करूनच बघायचं, गठ्ठे गोठतात का, त्याला काही दिवस लागतील. तेज मावळलं.

त्यानंतर दाजी रोज एसटीनं आष्टीहून परतूरला यायचे. मॅडम फ्रीज उघडायच्या, नळी उजेडात धरायच्या, दाजी चष्मा पुसून बघायचे. "काई न्हाई," म्हणायचे, आणि माझ्या दुकानात येऊन पाणीसुद्धा न पिता बसायचे. काही निघू नये असं त्यांना वाटत होतं की निघावं असं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग एका सकाळी नळीच्या तळाशी पांढरं दिसलं. अगदी थंडीतल्या खोबरेल तेलासारखं. मी त्या दिवशी सोबत होतो. मॅडम म्हणाल्या, "आता ऊब दिल्यावर विरघळलं, तर समजायचं तेच आहे." आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ती नळी दाजींच्याच हातात दिली. "धरा मुठीत."

दाजींनी मूठ मिटली. दुसरा हात वरून झाकला. बराच वेळ गेला. मग न बघताच त्यांनी विचारलं, "गेलं का?"

मॅडमनी त्यांची बोटं हळूच उघडली. नळी स्वच्छ होती. "गेलं."

"आन् परत गार केलं तर?"

"परत येणार, काका."

दाजी त्या नळीकडे बघत राहिले. "अन् मी हिचे पाय माठाच्या पाण्यात घालत हुतो," ते म्हणाले. माझ्या खिशात त्यांचा त्या दिवशीचा कांदा अजून होता, तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुढच्या तपासण्या मोठ्या लॅबला झाल्या, औषध सुरू झालं, जखमा भरल्या, तोंडावरची सूज उतरली. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत सापडलं. हे मुळासकट जाईलच असं नाही, पण ऊब आणि औषध सांभाळलं तर आक्का ठणठणीत राहील. दाजी सुधारले म्हणाल, तर छे! त्यांच्या स्वतःपुरतं जग अजून उष्णतेनंच बिघडलेलं आहे. ओला पंचा आहे, माठ आहेत, मोबाइल अजून मेथीपाशी वाजतो. खिशात कांदाही पुन्हा आलाय. पण पडवीच्या मधोमध त्यांनी अदृश्य बांध घातलाय. एका बाजूला दाजींचा हिमालय. दुसऱ्या बाजूला आक्काची शेगडी, आक्काची घोंगडी, आक्काचं ऊन पाणी. जन्मात चुलीपाशी न बसलेला हा माणूस पहाटे फुंकणीनं चूल पेटवतो आणि धुरानं लाल झालेले डोळे घेऊन सांगतो, "उष्णता, दुसरं काय."

यंदा संक्रांतीला आम्ही आष्टीला गेलो. सकाळची वेळ, वारा झोंबत होता. अंगणात पाटावर खोबरेल तेलाची बाटली उन्हाला ठेवली होती आणि तिच्या शेजारी आक्काचे लोकरीचे मोजे. दाजी अनवाणी, उघड्या अंगानं समोर बसलेले. सावली सरकली की पाट थोडा पुढे सरकवायचे. तेल पातळ झालं, मोजे तापले. आक्का येऊन बसली. दाजींनी तिचे पाय मांडीवर घेतले, पण मोजे लगेच चढवले नाहीत. एका हाताच्या मुठीत तिची बोटं धरली, दुसरा हात वरून झाकला, अगदी ती नळी धरली होती तसा. बराच वेळ गेला. मग त्यांनी वर न बघताच विचारलं, "गेलं का?"

"गेलं हो, गेलं," आक्का म्हणाली. "सोडा आता. पाव्हणे बघून राह्यलेत."

त्यांनी सोडले नाहीत. मीच उठलो आणि परवाचं पाणी प्यायला आत गेलो.